पुरी, अनारसा, कडबोळं

माझ्या गाळ्यात येणारा माणूस आधी किंमत विचारतो, वस्तू नंतर बघतो. ब्रिजेट मिसने तासभर किंमत विचारलीच नाही. तिथेच मी हरलो.

माझा धंदा जुन्या प्रयोगशाळांच्या सामानाचा. औषधाची कंपनी बंद पडते, एखादं कॉलेज नवं यंत्र घेतं, कुणी लॅबवाला गाशा गुंडाळतो. त्यांचं जुनं मी उचलतो, दुरुस्त करतो आणि विकतो. गाळा डोंबिवली एमआयडीसीत. सुरुवात हातगाडीवर भंगार गोळा करण्यापासून केली, हे मी कधी लपवलेलं नाही. मायक्रोस्कोप कसा उघडायचा ते मला कुणी शिकवलं नाही. एक बिघडलेला उघडला तो वाया गेला, दुसराही गेला, तिसरा जोडता आला. तेव्हापासून ह्या धंद्यात मला कुणी फसवलेलं नाही. भाव करताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, एवढी एकच विद्या माझ्याकडे आहे. माणूस तोंडाने काहीही म्हणो, वस्तू आवडली की त्याच्या डोळ्यांखालचं कातडं जरा हलतं. ते हललं की मी भाव धरून ठेवतो.

ब्रिजेट मिस आली ती खिशात काच घेऊन. गुडघ्याखाली जाणारा सुती झगा, त्याला मुद्दाम शिवून घेतलेले दोन मोठे खिसे. एका खिशात जपमाळ, दुसऱ्यात रुमालात गुंडाळलेली काचपट्टी. वय साठीला टेकलेलं. उंची अशी की माझ्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपात बघायला तिला चवड्यांवर उभं राहावं लागलं.

"शटर खाली वढ," ती म्हणाली.

"का?"

"कालोख लागतो."

भर दुपारी मी माझ्याच दुकानाचं शटर खाली ओढलं आणि घामाने निथळत अंधारात उभा राहिलो. तिने दिवा लावला, काच ठेवली आणि बघत राहिली. मी तिचा चेहरा बघायला बाजूला सरकलो, तर तीही सरकली. मी दुसरीकडे गेलो, तर तिने माझ्याकडे सरळ पाठ केली. तासाभराने शटर वर घ्यायला सांगितलं आणि वस्तूतले पाच दोष बोटांवर मोजून दाखवले. चार मला माहीत होते. पाचवा माहीत नव्हता.

"तुला चारच ठाऊक होते ना रं?" ती म्हणाली आणि तिने स्वतःच किंमत सांगितली. त्या किमतीत मी खुर्चीसुद्धा विकली नसती. मी ओरडलो. ती ऐकून घेत राहिली. माझं ओरडून झाल्यावर तिने तीच किंमत पुन्हा सांगितली, त्याच आवाजात. मायक्रोस्कोप गेला.

ती मूळची बाळकुमची. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेल्या त्या जुन्या गावठाणात तिचं कौलारू घर अजून होतं, दारात क्रूस, क्रूसापुढे तुळशीला लावावा तसा दिवा. तिच्या आज्याची मिठागरं होती म्हणे. लग्न केलं नव्हतं. कल्याणच्या एका कॉलेजात शिकवून ती निवृत्त झाली होती, पण पहिल्या मजल्यावरची टोकाची खोली तिने सोडली नव्हती आणि काढून घ्यायची कुणाची छाती झाली नव्हती. रोज सकाळी कशेळीचा पूल ओलांडून, कोनमार्गे ती कल्याणला यायची. वर्गात आणि प्राचार्यांपुढे तिचं मराठी छापील पुस्तकासारखं. भाव करताना आणि रागावल्यावर मात्र बाळकुमची बोली. त्या बोलीत अहो-जाहो नाही. प्राचार्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना तू. मला पन्नाशीत कुणी 'तू' म्हणत नाही, म्हणू देत नाही. तिला दोनदा सांगून बघितलं. "बरं, तुमी," म्हणाली आणि पुढच्याच वाक्यात, "पन दिवा तू कवा बदलनार?"

त्या खोलीत ती काय करायची हे मला दुरुस्तीला जाता-येता हळूहळू कळलं. कळायला वेळ लागला, कारण ती सांगायची कमी आणि दाखवायची जास्त. बशीत उंदराच्या स्नायूंच्या पेशी वाढवायची. आपल्या अंगात नस जिथे स्नायूला टेकते, तिथे स्नायूच्या कातडीवर रिसेप्टर नावाचे बारीक कण दाटीने जमलेले असतात. नसेतून रसायन सुटतं, हे कण ते पकडतात आणि मग स्नायू हलतो. आपण पापणी उचलतो, घास गिळतो, भांडतो, ते सगळं ह्यांच्या जिवावर. तर हे कण बरोबर त्याच जागी कसे जमतात आणि त्यांची रास नीट कोण लावतं, हा मिसचा प्रश्न. पेशीच्या आत दोर असतात. दोरांवर चालणारी प्रथिनं असतात, पाठीवर पोतं घेऊन एक-एक पाऊल टाकत जावं तशी. मोटर प्रोटीन म्हणतात. मिस हमाल म्हणायची.

"हमाल नुसता माल आनतो काय रं?" तिने मला एकदा विचारलं.

"चांगला हमाल माल नेतोपण," मी म्हणालो. "जुना काढतो, मधली वाट मोकळी ठेवतो. नाहीतर थप्पी लागत नाही, ढीग होतो."

"तेच माजं काम," ती म्हणाली. "वाट कोन मोकली ठेवतो, ते बगायचं."

हे कण नुसते दिसत नाहीत. ते दिसावेत म्हणून त्यांना रंग लावतात, आणि तो रंग ज्यावर चढवलेला असतो ते मण्यारीच्या जातीच्या एका सापाचं विष. ते विष ह्याच कणांना शोधून घट्ट चिकटतं. आमच्या गावाकडे मण्यार चावलेला माणूस मी लहानपणी बघितलेला आहे. दुखत काही नाही, फक्त पापण्या मिटत जातात. तेच विष घेऊन ही बाई अंधारात बसायची, आणि काळ्या पडद्यावर हिरवे-लाल ठिपके उजळायचे.

बशीतले ठिपके आधी गोल भरीव असतात. त्याला ती पुरी म्हणायची. मग त्यात भोकं पडतात, तो अनारसा. मग भोकं मोठी होऊन फाटे फुटतात, वळसे पडतात, ते कडबोळं. कडबोळं झालं म्हणजे रास नीट लागली. हमाल अडवले की काय होतं हे बघायचं, तर काही बश्यांत हमाल अडवायचे, काहींत नाही, आणि मग दोन्हींतल्या पुऱ्या, अनारसे, कडबोळी मोजायची. हजारो.

मोजण्याचा तिचा एक नियम होता. मोजणाऱ्याला कुठली काच कुठल्या बशीतली हे माहीत असता कामा नये. काचेवर नुसता आकडा. आकड्याचा अर्थ एका पाकिटात बंद. आणि कुणी मोजत असेल तर मिस आपली खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसायची, कारण पाकीट तिनेच भरलेलं असायचं. "माजं थोबाड बगून समजतं लोकांना," ती म्हणायची. गाळ्यात तिने माझ्याकडे पाठ का केली होती ते मला तेव्हा कळलं. आणि तिचं एक वाक्य ठरलेलं. "बगितलंस तेवडंच लिव."

आता माझ्या बायकोचं सांगतो. शैलाचं.

शैला सकाळी चांगली असायची. पोळ्या, डबा, भांडी. दुपारनंतर हात खाली पडायचे. केस विंचरताना कंगवा अर्ध्यात थांबायचा. संध्याकाळी बोलताना आवाज नाकात जायचा. तपासायला न्यायचो ते गाळा उघडायच्या आधी, सकाळी, तेव्हा सगळं ठीक. एका डॉक्टरने मन रमवा म्हणून सांगितलं. मला वाटलं, हा आळस. मी स्वतः हमाली करून वर आलेला माणूस. सवय केली की ताकद येते हे मला शिकवायला नको होतं. मी तिला रबरी चेंडू आणून दिला. रोज दाबायचा, दोनशे वेळा. ती दाबायची. शंभरानंतर बोटं वळत नसत. मी ओरडायचो. असं पाच महिने चाललं. हे मी लिहितोय कारण हे वगळून मिसबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल.

एका शनिवारी शैला गाळ्यावर आली होती. मिस दिवा न्यायला आलेली. तिच्या पिशवीत पापलेटं होती, बर्फात घातलेली; संध्याकाळपर्यंत बाळकुमला पोचायची होती. शैलाची डावी पापणी उतरली होती. मी म्हणालो, "झोपतेस काय उभ्या उभ्या?"

मिसने माझ्याकडे बघितलंही नाही. ती शैलाला म्हणाली, "वर बग गं. वरच बगत रहा." शैला वर बघत राहिली. पापणी आणखी खाली आली. मग दुसरीही.

"बस हितं." मिसने पिशवीत हात घातला, माशांखालचे बर्फाचे खडे काढले, माझ्या भिंगं पुसायच्या कापडात बांधले आणि शैलाच्या डाव्या डोळ्यावर धरले. मनगटावरचं घड्याळ बघत उभी राहिली. दोन मिनिटं. गाळ्यात माशाचा वास. शैलाच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

कापड काढलं. डावा डोळा उघडा होता, टक्क उघडा. उजवा तसाच मिटलेला.

"हा आलस नाय रं जाधव," मिस म्हणाली. "आलशाचा डोला बर्फानं उगडत नाय. मी डाक्टर नाय, मी नुसती बगनारी. सोमवारी नसांचा डाक्टर गाठ. आनि संध्याकाली ने, सकाली नको."

चेंडू मी त्याच दिवशी फेकला. शैलाने विचारलं नाही कुठे गेला म्हणून.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. अंगातली राखण करणारी फौजच ह्या रिसेप्टरांवर उलटते. स्नायू वापरत गेलं की थकत जातो, विश्रांतीने परततो. म्हणजे मी दोनशे वेळा चेंडू दाबायला लावत होतो तेव्हा नक्की उलटं करत होतो. गोळ्यांनी शैला पुष्कळ सावरली, पण पूर्वीसारखी नाही. आणि घाबरली. रोज विचारायची, "अहो, मी बरी होईन ना?"

मी जे येतं ते केलं. सौदा करायला गेलो. मिसला एक भिंग हवं होतं, तिच्या मायक्रोस्कोपला बसणारं, जास्त मोठं दाखवणारं. नवं घेण्याची कॉलेजची ऐपत नव्हती. माझ्याकडे आलेलं होतं, एका बंद पडलेल्या कंपनीतून. ते मी डबीत घालून कल्याणला नेलं आणि तिच्या टेबलावर ठेवलं.

"हे तुमचं," मी म्हणालो. "बदल्यात एकच करायचं. शैलाला सांगायचं की तुमच्या संशोधनातून औषध येतंय. दोन-तीन वर्षांत येईल म्हणायचं. एवढंच."

मिसने डबी उघडली. भिंग उजेडाकडे धरलं. बराच वेळ. माझी विद्या मला सांगत होती की तिला ते हवंय. डोळ्यांखालचं कातडं हललं होतं. मग तिने ते डबीत ठेवून डबी माझ्याकडे सरकवली.

"माल चांगला हाय. पन तू मागतोस ती वस्तू माज्याकडं नाय रं. नसलेली वस्तू कशी इकू? तूपन नाय इकत."

"मिस, एक वाक्य आहे. कुणाचं काय जातं?"

"तिच्या रोगात हमालांचा दोष नाय. तिथं राखनदार मालावर धावलेत. मी बगते ते येगलं. खोटं सांगितलं तं ती मला रोज इचारील, कवा येतंय. मग दुसरं खोटं."

मी खूप बोललो. बाहेर पोरं जमली इतकं. वीस वर्षं काळोखात बसून तुम्ही एक गोळी काढली नाही, असंही म्हणालो. ती ऐकून घेत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "तिला पाठव. गुरवारी, सकाली. हात चालतात तवा."

पाठवणार नव्हतोच, पण रागाच्या भरात गुरुवारचं घरी बोलून गेलो. शैला स्वतः गेली.

परत आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाली? शैला म्हणाली, "कडबोळी दाखवली. अहो, खरंच कडबोळी हो, बारकी. मी म्हटलं, कोण वळतं ही? तर त्या म्हणाल्या, तेच शोधतेय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी त्यांना विचारलं, बरी होईन का. त्या म्हणाल्या, मला माहीत नाही."

"असं म्हणाली? तोंडावर?"

"हो. मला बरं वाटलं. तुम्ही सगळे होशील होशील म्हणता, तेव्हा जास्त भीती वाटते."

शैलाची दिवाळीची कडबोळी आमच्या बिल्डिंगमध्ये नावाजलेली होती. आता पीठ मळवत नव्हतं. दर गुरुवारी ती कल्याणला जाऊन मिसच्या स्टुलावर बसायला लागली, आणि मोजायला लागली. तिला एकाचे दोन दिसायचे. मिसने तिचा एक डोळा पट्टीने झाकला, म्हणाली, एका डोल्याला एकच दिसतं, आमाला तेवडंच लागतं. उजव्या हाताला टेकू म्हणून जाडजूड वही. वहीत तीन रकाने: पु, अ, क. थकली की मिस दिव्याची झडप बंद करायची. रंगालाही विश्रांती लागते, सतत उजेड पडला की तो उडतो. दोघी अंधारात बसून राहायच्या. नाताळच्या आसपास मिस डब्यातून फुगे आणायची, तांदळाच्या बोरांसारखे गोल, तळलेले, शैला बारीक तुकडे करून खायची. मिस मला म्हणाली, "तुज्या बायकोचा डोला माज्यापेक्षा बरा. मी अनारशाला कडबोलं म्हनते घाईनं. ती नाय म्हनत." शैलाला हे मी घरी सांगितलं. त्या संध्याकाळी तिने बसून, टेकून का होईना, स्वतः आमटीला फोडणी दिली.

आता माझी चूक.

सुरुवातीच्याच एका गुरुवारी मी तिथे दिव्याचा ट्रान्सफॉर्मर बघायला गेलो होतो. वायर टेबलाच्या खणामागून गेलेली. खण उपसून काढला तर तळाशी पाकीट, चिकटवायचं राहिलेलं. आकडे आणि त्यांचे अर्थ. माझ्या हातात आलेला आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, धंद्याची सवय. रविवारी जेवताना मी शैलाला सांगून टाकलं, ह्या ह्या नंबरात हमाल अडवलेत, तिथे कडबोळी कमी निघायला हवीत. माझ्या डोक्यात होतं की तिचं उत्तर बरोबर यावं. परीक्षेला बसलेल्या माणसाला आपण सांगतोच की.

शैलाचा घास हातातच राहिला. "मला कशाला सांगितलंत?"

"अगं, तुझ्यासाठी."

तिने ताट सरकवलं. मी विसरलो. ती दर गुरुवारी जात राहिली, त्याच काचा, जागा बदलून बदलून, सात महिने. वही भरली.

पाकीट उघडायचा दिवस ठरला तेव्हा शैलाने मलाही चल म्हटलं. मला वाटलं, कौतुक बघायला. मिसने पाकीट हातात घेतलं आणि शैला म्हणाली, "थांबा. मला त्यातलं माहीत आहे. पहिल्यापासून. ह्यांनी सांगितलं होतं. मी विसरायचा प्रयत्न केला, मोजताना मनात आणलं नाही. पण माहीत होतं."

मिसने पाकीट खाली ठेवलं. चिडली नाही. वही पुढे ओढली, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि पहिल्या पानापासून तिरकी काट मारायला लागली. प्रत्येक पानावर एक. पानं उलटायचा आवाज येत होता, दुसरं काही नाही. माझ्या बायकोचे सात महिने. तिच्याकडे किती आहेत हे कुणाला माहीत नसताना.

मी म्हणालो, "तिने प्रामाणिकच मोजलंय!"

"मला ठाऊक हाय."

"मग?"

"मग काय? अप्रामानिक आसती तं हाकललीच आसती." पान उलटलं. काट. "हिच्या मनानं गुपचूप कुठं झुकतं माप टाकलं, ते हिलापन नाय समजनार. मलापन नाय समजत माजं. म्हनून पाकीट आसतं."

"चूक माझी आहे. तिची शिक्षा का?"

"शिक्षा नाय रं. चुकी माजीपन हाय, पाकीट उगडं ठेवलं. नव्या काचा करू, नवे आकडे." आणि शैलाकडे वळून, एकदम छापील मराठीत, "येशील ना?"

"येईन," शैला म्हणाली.

घरी येताना रिक्षात मी भडकलेलो होतो. कुणाला कळणार होतं? मिसचं संशोधन छापून आलं असतं, त्यात कोपऱ्यात हिचं नाव आलं असतं. शैला म्हणाली, "अहो, सगळे मला सवलत देतात. बसायला जागा देतात, माझं अर्धं काम करतात, माझं चुकलं तरी राहू दे म्हणतात. त्यांनी काट मारली." पुढचं बोलायला आवाज नाकात गेला होता. तिने हाताने खूण केली, नंतर. नंतर ते राहिलंच.

नव्या काचा झाल्या. शैलाने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सहा काचा उरल्या असताना तिला सर्दी झाली, सर्दी छातीत उतरली. ठाण्याच्या रुग्णालयात नऊ दिवस. श्वास घेणारे स्नायू थकले. बाकीचं लिहीत नाही.

मिस आली होती. बाळकुमहून माजिवड्याच्या पुलाखालून चालत आली असावी, चपला धुळीने भरलेल्या होत्या. माझ्याजवळ न येताच परत गेली. बरंच झालं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाळा उघडला. गिऱ्हाईक आलं की भाव करायचो. समोरच्याचा चेहरा बघायचो, पण त्यात काय दिसतंय ते कळायचं नाही. वस्तू गेली काय, राहिली काय. मी ओरडायचंही सोडलं होतं. लोकांना वाटलं, शांत झाला. तसं नव्हतं. काही येतच नव्हतं आतून. एकच गोष्ट जिवंत होती, ती लाल पेन्सिल. ती सात महिन्यांची पानं तशीच ठेवली असती तर शैलाचं काम पुरं झालं असतं. हा हिशोब मी शंभर वेळा करून बघितला. दर वेळी उत्तर तेच येतं. आजही येतं.

ब्रिजेट मिस गेली त्यालाही आता वर्ष होत आलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला वसईला बहिणीकडे गेली होती, तिथेच झोपेत गेली. पाकिटातून शेवटी काय निघालं ते मी विचारलं नाही. तिच्या हाताखालून शिकून गेलेली एक मुलगी ते सगळं लिहितेय असं ऐकलं. माझ्या डोळ्यांसमोर मिस येते ती त्याआधीच्या एका गुरुवारची, शैला जाऊन दोन महिने झाल्यानंतरची. मी तिला बघितलं ते शेवटचं.

तिचा फोन आला होता. "दिवा गेला."

जायचं नाही असं ठरवलं होतं. पण वस्तू माझ्या गाळ्यातून गेलेली, दुरुस्तीचा शब्द दिलेला. गेलो. दिवा बदलला, सरळ केला. माझ्या पिशवीत ती भिंगाची डबी होती. का घेतली होती ते माहीत नाही. भिंगही बसवून टाकलं. तिने बघितलं.

मी निघायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "पाकीट मीच भरलं, मला मोजून चालत नाय. आनि आता नीट दिसतपन नाय. सगल्याभोवती धूर दिसतो. शैलाच्या सहा काचा उरल्यात."

"मग?"

"बस."

"मी?" मी म्हणालो. "मी तर पाकीट फोडलेला माणूस."

"हे नवं हाय. हे तुला ठाऊक नाय." तिने शैलाची वही माझ्यापुढे ठेवली. टेकू देऊन देऊन वहीचा कोपरा दबला होता. शेवटच्या पानावर शैलाच्या अक्षरातली ओळ अर्ध्यावर थांबलेली. त्याखालची जागा कोरी.

"पुरी, अनारसा, कडबोलं," मिस म्हणाली. "तुला खायला ठाऊक हाय ना? तेच."

आणि तिने आपली खुर्ची फिरवली, खिडकीकडे तोंड केलं, पडदा ओढला. खोलीत अंधार झाला. मी एक डोळा मिटला आणि बघितलं.

हिरवं काहीतरी उजळलं. मला वाटलं होतं, मला काहीतरी होईल. काही झालं नाही. मी मोजायला लागलो. पुरी, पुरी, अनारसा. वहीत रेघा ओढत गेलो. माझं अक्षर शैलाच्या अक्षराखाली जाड दिसत होतं. कडबोळं. पुरी. मग एक असं आलं की त्याला भोकं होती, एका बाजूला वळसा फुटत होता, पण पुरता फुटला नव्हता. अनारसा म्हणावा तर पुढे गेलेला. कडबोळं म्हणावं तर राहिलेलं. मी मान वर करून मिसकडे बघितलं. आयुष्यभर मी असंच केलंय, अडलं की समोरच्याचा चेहरा बघितलाय.

पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात तिची पाठ दिसत होती, पाठीला बटणं असलेला सुती झगा, पांढऱ्या केसांची बारीक वेणी. खांदे हलत नव्हते. हातात जपमाळ होती, तीही थांबवलेली. मी बघतोय हे तिला कळलं असणार. ती वळली नाही.

शैलाने काय लिहिलं असतं, हे मनात आलं. ते मी बाजूला सारलं. पुन्हा डोळा लावला, बराच वेळ बघितलं, आणि मला जे दिसलं ते लिहिलं.